हिगुराशी: आठही भाग घ्यावेत, की पहिल्यावरच थांबावं?

निपाणी_कट्टा

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात पाचजणांनी मिळून वाचायला एक रहस्याची व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं आणि आवाजासह पडद्यावर वाचायची गोष्ट) बघायलोय. सगळे तिशीच्या पुढचे, त्यामुळे पोरांसाठी चालेल का हा प्रश्न नाही. ‘हिगुराशी’ या जपानी खेळाचं नाव सारखं कानावर येतंय, पण एक म्हणतो असं रहस्य पुन्हा होणार नाही, आणि दुसरा म्हणतो अर्धा वेळ शाळकरी पोरांचे पत्त्यांचे डाव वाचण्यात जातो.

मला नेमकं हवंय ते असं: वाचणाऱ्याला रहस्य खरंच सोडवता येतं, की शेवटी लेखक खिशातून उत्तर काढतो? भाग वेगवेगळे विकायला आहेत, तर किती घ्यावेत? लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा, टीव्हीला जोडणार. दोघे कन्नड माध्यमातले, तिघे मराठी. इंग्रजी कळतं, पण भराभर वाचायची सवय नाही. आणि ‘प्रौढांसाठी’ म्हणतात ते नक्की कशामुळे?

रहस्य फोडू नका. फोडणारच असाल तर आधी पाटी लावा.

---

जांबोटी_घाट

घ्या की. फक्त ‘खुनी कोण’ एवढंच धरून बसू नका. तसं केलंत तर आठव्या भागानंतर कट्ट्यावर भांडणं होतील. या खेळाची ताकद गाव आहे, आणि आपल्या भागातल्या वाचकाला ती दुप्पट कळते.

हिनामिझावा हे दोनेक हजार वस्तीचं डोंगरातलं गाव. काळ जून १९८३. सरकारी धरणात ते बुडणार होतं. गाव एक झालं, लढलं आणि धरण बारगळलं. पण १९७९ पासून दर वर्षी गावच्या जत्रेच्या रात्री एकजण मरतो आणि एकजण नाहीसा होतो. आधी धरणाच्या कामावरचा मुकादम, दुसऱ्या वर्षी धरणाच्या बाजूनं बोलणारं होजो जोडपं, मग आणखी कुणी. लोक म्हणतात, ओयाशिरो देवाचा कोप. एवढं पहिल्या भागातच सांगून टाकलंय, म्हणून पाटी लावली नाही.

हिडकल धरणाच्या पाण्यात गेलेली गावं ठाऊक असलेल्याला, किंवा कणकुंबीकडची कळसा-भांडुराच्या पाण्याची भांडणं वर्षानुवर्षं पेपरात वाचलेल्याला यातलं राजकारण समजावून सांगावं लागत नाही. भरपाई घ्यायला जो पहिला तयार होतो त्याला गाव काय म्हणतं, आणि लढा जिंकून झाल्यावरही त्याच्या पोरांना वाळीत टाकणं कसं चालूच राहतं, हे लेखकानं फार थंडपणे लिहिलंय. कुणी हुकूम काढत नाही. दुकानदार वस्तू देतो, पण बोलत नाही. गावकीचा कारभार तीन घराण्यांत वाटलेला: सरपंचकी किमियोशींकडे, देवळाचा मान फुरुदेंकडे, पैसा आणि दरारा सोनोझाकींकडे. कोण कुणाला घाबरतं हे कुणीच उघड बोलत नाही. ते बैठकीत कोण आधी बोलतं आणि कोण गप्प बसतं यावरून काढावं लागतं.

गाव हवेतून काढलेलं नाही. गिफू प्रांतातल्या शिराकावा-गोवर ते बेतलंय. तिथली उतरत्या गवती छपरांची घरं १९९५ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. तिथूनच वाहणाऱ्या शो नदीवर १९६१ मध्ये पुरं झालेलं मिबोरो धरण आहे आणि त्याच्या पाण्यात खरोखरची वस्ती गेली.

दुसरी ताकद रचनेत. यात पर्याय निवडायचे नसतात, एकही नाही. नुसतं वाचायचं. पहिले चार भाग प्रश्नांचे, पुढचे चार उत्तरांचे. बहुतेक भागांत तोच जून पुन्हा सुरू होतो, तीच माणसं, तीच जत्रा, पण गोष्ट दुसऱ्या वाटेनं जाते. मग काय बदललं आणि काय बदलत नाही, हे ताडून बघणं हाच खेळ. अधूनमधून ‘टिप्स’ उघडतात, म्हणजे कात्रणं, पोलिसांच्या नोंदी, कुणाची तरी वही. ते टाळू नका, निम्मे धागे तिथेच असतात. प्रत्येक भाग संपला की पात्रं स्वतःच एकत्र बसून, गोष्टीच्या बाहेर येऊन, ‘हे माणसाचं काम की देवाचं’ यावर वाद घालतात. २००२ ते २००६ या काळात हे भाग सहा-सहा महिन्यांनी, कधी वर्षानं निघत होते आणि मधल्या काळात वाचक तर्क लढवत बसत. तुम्ही पाचजण एकत्र वाचणार, म्हणजे मूळ रीतीच्या जवळच.

उणी बाजू सरळ सांगतो: वेग. पहिल्या भागाचा बराचसा पूर्वार्ध शाळेतल्या क्लबचे खेळ आणि हरलेल्याला मिळणाऱ्या शिक्षा यांत जातो. तो अगदी फुकट नाही. विनोद म्हणून टाकलेल्या दोन-तीन गोष्टी पुढे फार महागात पडतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या भागात तोच प्रकार परत आला की कंटाळा येतो. लेखकाला एकच भावना तीन वेगळ्या वाक्यांत सांगायची सवय आहे. कुणी कडक संपादक मिळाला असता तर पाचवा हिस्सा सहज कापला गेला असता.

---

टिळकवाडी_सर्व्हिस

यंत्राबद्दल. चार जीबी चालेल. स्थिर चित्रं, मजकूर आणि आवाज, याहून जास्त काही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

इंग्रजी आवृत्ती मंगागेमर या प्रकाशकाची. स्टीम या ऑनलाइन खेळांच्या दुकानावर २०१५ ते २०२० या काळात आठही भाग वेगवेगळे आले. प्रत्येक भाग स्वतंत्र प्रोग्राम आहे आणि एकाचं सेव्ह दुसऱ्यात जात नाही, जायची गरजही नाही. स्टीमवर यूपीआय चालतं. सेलमध्ये किंमत बरीच उतरते, घाई करू नका.

किती घ्यावेत? आधी पहिला ‘ओनिकाकुशी’ आणि दुसरा ‘वातानागाशी’, दोन्ही एकदम. एकटा पहिला वाचलात तर ती नुसती भयकथा वाटते आणि शेवट अर्धवट. दुसरा शेजारी ठेवला की हा खेळ कसला आहे ते कळतं. दुसऱ्यानंतरही कुणी वाद घालायला लागलं नाही, तर तुमच्या कट्ट्यासाठी ही वस्तू नव्हे. पैसे वाचले.

क्रम मोडू नका. तिसरा ‘तातारिगोरोशी’, चौथा ‘हिमात्सुबुशी’, मग ‘मेआकाशी’, ‘त्सुमिहोरोबोशी’, ‘मिनागोरोशी’ आणि ‘मात्सुरिबायाशी’. चौथा आखूड आहे, १९७८ सालातला, नेहमीची पोरं त्यात जवळजवळ नाहीत, म्हणून काहीजण तो गाळतात. गाळलात तर सातवा-आठवा डोक्यावरून जाईल. सगळे मिळून शंभर तासांच्या आसपास धरा, मोठ्यानं वाचणार असाल तर त्याहून बरेच जास्त.

टीव्हीला जोडल्यावर दोन अडचणी येतात. एक म्हणजे कडेची अक्षरं कापली जातात. तो दोष खेळाचा नाही, टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असतं, ते चालू करा. दुसरी म्हणजे मजकूर पूर्ण पडदाभर पसरतो, चित्रावरच. सोफ्यावरून ओळी सापडत नाहीत. त्याला उपाय मॉड (चाहत्यांनी खेळात केलेली सुधारणा), खाली सांगतो. मागचं वाक्य परत बघायचं तर माउसचं चाक वर फिरवा.

आणि सेव्ह हातानं करत जा. लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली की मागच्या सेव्हपासून पुन्हा वाचावं लागतं. एकच जागा घासू नका, फिरत्या तीन-चार जागा ठेवा, म्हणजे वाद झाला की मागे जाऊन तो प्रसंग उघडता येतो.

चित्रांचे दोन संच आहेत आणि खेळ चालू असतानाच अदलाबदल होते. मूळ चित्रं लेखकानंच काढलेली: हात फुगलेले, बोटं कशीतरीच. प्रकाशकानं नवीन काढून घेतलेली नीटस आहेत. पण घाबरवायच्या जागी जुनी चित्रंच लागू पडतात. नव्या चित्रांत चेहरा बिघडतो तेव्हासुद्धा तो सुबकच राहतो.

मॉड म्हणजे चाहत्यांचा ‘०७थ-मॉड’. तो टाकला की कन्सोल आवृत्तीतले जपानी आवाज आणि चित्रं मिळतात, आणि मजकूर खाली चौकटीत आणता येतो. टीव्हीवर त्यानं मोठा फरक पडतो. टाकायचा तर भाग सुरू करण्याआधीच टाका. मध्येच टाकला तर जुनी सेव्ह उघडतील याचा भरवसा नाही. टाकल्यावर स्टीममधलं ‘फाइल तपासा’ हे बटण दाबू नका, ते मूळ फाइल परत आणतं आणि मॉड मोडतो.

---

चिकोडी_शंकेखोर

जांबोटीवाले गावाचं कौतुक करून मूळ प्रश्न टाळून गेले. विचारलं होतं, सोडवता येतं का. माझ्या मते अर्धवट. मूळ जाहिरातीत ‘बरोबर उत्तर देणारे एक टक्का’ असं आव्हान होतं. आव्हान देणाऱ्यानं नियम आधी सांगावेत, इथं नियमच शेवटी कळतात.

पाटी: आठही भाग वाचून झाले नसतील तर हा प्रतिसाद इथेच सोडा.

पहिल्या भागात नायक केइइची स्वतः गोष्ट सांगतो. मैत्रिणींनी आणलेल्या ओहागीत (भाताचा गोड लाडू) त्याला सुई सापडते. पुढे त्याच मैत्रिणी त्याच्यावर इंजेक्शनची सिरिंज धरतात. दोन्ही गोष्टी सरळ ‘घडलं’ म्हणून लिहिल्या आहेत, ‘त्याला वाटलं’ म्हणून नव्हे. सहाव्या भागात कळतं की सुई नव्हतीच, थट्टेत घातलेला तिखट टबॅस्को सॉस होता, आणि सिरिंज म्हणजे शिक्षेचा खेळ खेळायचा मार्कर पेन. सांगणारा चुकू शकतो हे मान्य. पण निवेदनच खोटं बोलू शकतं हे वाचकाला आधी कळलं नाही, तर त्यानं कशावर पाय रोवून तर्क करायचा?

आणि शेवटी सगळ्याचं मूळ काय, तर परजीवीमुळे होणारा आजार, संशय वाढवणारा. त्याच्या जोडीला पुन्हा पुन्हा फिरणारा काळ. ‘माणूस की शाप’ असा सामना सहा भाग लावायचा आणि निकालाला तिसराच पक्ष उभा करायचा. आठव्या भागात तर शाळकरी पोरं डोंगरात सापळे लावून शिकलेल्या सशस्त्र टोळीला हरवतात. तिथं रहस्यकथा संपते आणि पोरांच्या साहसकथेचा शेवट चिकटवल्यासारखा वाटतो.

---

जांबोटी_घाट

पाटी: हा प्रतिसादही आठही भाग वाचलेल्यांसाठी.

शेवटच्या भागाबद्दल तुमच्याशी वाद नाही. ती लढाई लांबलीय आणि पोरकट झालीय. पण निवेदनाबद्दल नाही पटत. पहिल्या भागातच दोन वेगवेगळी माणसं स्वतःचा गळा खरवडून मरतात, छायाचित्रकार तोमिताके आणि नंतर केइइची. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, पण मरणाची रीत एक. पुढे ‘मागून एक पाऊल जास्त वाजतं’ हे वेगळ्या माणसाच्या तोंडी येतं. तीच लक्षणं दोन-तीन माणसांत दिसली की डॉक्टर रोगाचा संशय घेतो, मग वाचकानं का घेऊ नये? आजाराचं नाव सांगता येणार नाही, पण ‘ज्याला ही लक्षणं आहेत त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये’ इथपर्यंत तिसऱ्या भागाअखेर पोचता येतं. रीत सापडते, नाव सापडत नाही. मी त्याला सोडवता येणं म्हणतो.

---

चिकोडी_शंकेखोर

पाटी कायम.

रीत सापडते हे कबूल. पण ती सापडण्यासाठी निवेदनावर अविश्वास ठेवायचा, आणि बाकीचे धागे पकडायला त्याच निवेदनावर विश्वास ठेवायचा. कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, ते कोण सांगणार? एवढंच माझं म्हणणं. बाकी सातव्या भागाला माझाही मुजरा.

---

संकेश्वर_अक्का

पाट्या लावून भांडताय ते बरं आहे, पण विचारणाऱ्याचे दोन प्रश्न तसेच पडलेत.

प्रौढांसाठी कशामुळे? स्टीमच्या आवृत्तीत कामुक दृश्यं नाहीत. कारण हिंसा आणि छळ. तिसऱ्या भागात लहान मुलीचा घरातच होणारा छळ आहे. तो लांब चालतो, आणि सरकारी खात्यात तक्रार केल्यावर काय होतं हेही आहे. पाचव्या भागात तळघरातला यातना देण्याचा प्रसंग आहे, वर्णनासकट. स्वतःला इजा करणं तर अनेक भागांत. पाचजणांत कुणाला यातलं काही जड जाणार असेल तर आधीच बोलून घ्या. ऐनवेळी कंट्रोल बटण दाबून मजकूर पळवता येतो, आणि पाचव्यातल्या यातनांचं वर्णन पळवलं तरी गोष्ट तुटत नाही. तिसऱ्यातला भाग मात्र पळवू नका, सातवा त्याच्यावरच उभा आहे.

आणखी एक खटकणारी गोष्ट, जी इथं पुरुष मंडळींपैकी कुणी लिहिली नाही. क्लबच्या शिक्षांमध्ये शाळकरी मुलींच्या पोशाखावरून केलेले विनोद आहेत. तेव्हाच्या जपानी चाहत्यांच्या बाजारात ते खपत असतील. आज तिशी-चाळिशीतल्या माणसाला ते वाचताना लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. कथेला त्यांची गरज नव्हती. हा या खेळाचा मोठा दोष आहे, वेगापेक्षा मोठा.

आता जमेची बाजू. सातव्या भागात गाव निवेदन घेऊन बालकल्याणाच्या कार्यालयात जातं. रहस्य फोडत नाही, फक्त रीत सांगते. आधी थोडे जातात, साहेब भेटत नाही. परत जातात, जास्त संख्येनं. मग मिटिंगा, सह्या, जुनं वैर असलेल्या घरात जाऊन हात जोडणं, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करणं. निवेदन म्हणजे काय आणि ते टेबलावर किती दिवस पडून राहतं हे सीमाभागात कुणाला शिकवायला नको. हे इतक्या तपशिलानं दाखवणारा दुसरा रहस्याचा खेळ मला माहीत नाही. आणि ज्या गावानं होजोंच्या पोरांना वाळीत टाकलं, त्याच गावाची एकी इथं कामाला येते. लेखक एकीला चांगली किंवा वाईट ठरवून मोकळा होत नाही.

इंग्रजीबद्दल: भाषा सोपी आहे, संवाद जास्त. अडतील ते देवळाचे, सणाचे शब्द आणि माणसांची नावं. पहिल्याच दिवशी नावांचा एक कागद करून भिंतीला लावा. मोठ्यानं वाचताना एकानं निवेदन धरावं, बाकीच्यांनी पात्रं वाटून घ्यावीत. चर्चा मराठीत-कन्नडात जशी येईल तशी.

वही एकाकडेच द्या. पानावर पाच रकाने पुरतात: तारीख, प्रसंग, कोण हजर, हे कोण सांगतंय, स्वतः पाहिलं की ऐकलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. गावातल्या खुनांबद्दलची बहुतेक माहिती नायकाला दुसऱ्याच्या तोंडून कळते, आणि प्रत्येक सांगणाऱ्याचा काहीतरी मतलब असतो, पोलीस ओइशीचासुद्धा. जत्रा १९ जून १९८३, रविवारी. ती तारीख पानाच्या मध्यभागी ठेवून आधीचे आणि नंतरचे दिवस मांडा, म्हणजे पुढचे भाग शेजारी ठेवून ताडता येतात. दुसऱ्या भागापासून मिओनची जुळी बहीण शिओनही येते. ‘सोनोझाकीची पोरगी’ असं मोघम लिहू नका, लेखक जे नाव देतो तेच लिहा. चौथ्यात रिका ही लहान मुलगी जे बोलते ते शब्दशः उतरवा.

---

निपाणी_कट्टा

अक्का, वहीची कल्पना उत्तम. पहिले दोन भाग सेल लागला की घेतो. दोन शंका राहिल्या. मोठ्यानं वाचणार असू तर जपानी आवाज ठेवावेत का? आणि यावर मालिकाही आहे म्हणे, ती आधी बघितली तर नावं लवकर डोक्यात बसतील का?

---

टिळकवाडी_सर्व्हिस

मालिका आधी अजिबात नको. २००६ च्या मालिकेत गोष्ट घाईनं उरकलीय आणि धागे गळलेत. २०२० ची नव्यानं सुरुवात केल्यासारखी दिसते, पण ती आठ भागांच्या पुढची गोष्ट आहे. ती आधी बघितलीत तर सगळंच फुटलं. नावं शोधायला इंटरनेटवरही जाऊ नका. पात्राचं नाव टाकलं की पहिल्याच ओळीत त्याचं काय होतं ते लिहिलेलं असतं.

आवाज बंद ठेवा. तुम्ही वाचत असताना त्यावर जपानी संवाद आला की काहीच ऐकू येत नाही, आणि ऑटोवर टाकलं तर खेळ आवाज संपेपर्यंत थांबतो. मॉडमधली मजकुराची चौकट तेवढी ठेवा. संगीत आणि सिकाडा किड्यांचा किर्र आवाज मात्र चालू ठेवा, निम्मी भीती तिथून येते. संगीत एकदम थांबलं की वाचणाऱ्यानंही थांबावं.

---

चिकोडी_शंकेखोर

शंभर तास जमणार नाहीत असं पहिल्या भागानंतर वाटलं, तर ‘पॅरानॉर्मासाइट’ बघा. स्क्वेअर एनिक्सचा, २०२३ चा. टोकियोच्या होंजो भागातल्या सात दंतकथांवरचं शापाचं रहस्य. यात पर्याय निवडावे लागतात, घटनांचा तक्ता समोर असतो, चुकलात तर त्या जागी परत जाता येतं. नियम आधी सांगतो, हे मला आवडलं. दहा-बारा तासांत उरकतो. गाव मात्र नाही मिळणार, तेवढं जांबोटीवाल्यांचं खरं.

---

संकेश्वर_अक्का

निपाणीकर, बैठक मोडायची तर टिप्स उघडल्यावर मोडा, त्यांच्या आधी नको. त्या वाचून, वहीत उतरवून, मग सेव्ह. आणि पहिल्या भागाचा शेवटचा दीड-दोन तासांचा तुकडा एका बैठकीत होईल असा दिवस धरा. तो मध्ये तोडला तर त्याचा जोर जातो. शनिवारी जेवणं लवकर आटपून बसा.